बसल्या माणसाची जागा

बाजारातली जागा कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. तिला गट नंबर नाही की वारसाची नोंद नाही. जो बसला त्याची, आणि तोही बसला आहे तोवरच. फाट्यावरच्या मंगळवारच्या बाजारात मनकर्णाबाई बत्तीस वर्षं एकाच ठिकाणी भाजी घेऊन बसली आणि तिचे गुडघे गेल्यावर त्याच ठिकाणी अकरा वर्षं तिची सून शकुन बसत होती. रस्त्यावरून आत वळलं की उजव्या हाताची तिसरी जागा. गिऱ्हाईक पहिल्या ठिकाणी भाव विचारतं, दुसऱ्या ठिकाणी नाक मुरडतं आणि तिसऱ्या ठिकाणी घेतं, असं मनकर्णाबाई म्हणायची. म्हणताना आवाज जरा खाली आणायची, कारण पहिले दोघे शेजारीच असायचे.

त्या मंगळवारी दुपार व्हायच्या आत शकुन तिसऱ्यांदा उठली.

"ओमप्रकाशभाऊ, जरा ध्यान ठेवजा. आलीच मी."

ओमप्रकाश चौथ्या जागेवरचा, कांदा-लसूणवाला. त्यानं मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. शकुननं पाण्याची बाटली पदराखाली घेतली आणि निघाली. धावलं तर लोक बघतात आणि सावकाश चाललं तर पोट ऐकत नाही, म्हणून ती या दोन्हीच्या मधलं काहीतरी चालायची. शाळेच्या भिंतीमागं येड्या बाभळी होत्या, तिथवर जायचं. बाजारात पुरुषांसाठी आडोसा होता. बाईमाणसालाही दिवसभरात काही लागतं, हे बाजार बसवणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. आलं असतं तर तो पुरुष कसला!

ती परत आली तेव्हा लसणाचं पोतं तिच्या ताडपत्रीवर वीतभर सरकलेलं होतं. मेथीच्या जुड्या एकमेकींवर चेपून बसल्या होत्या.

"पोतं सरकवा भाऊ."

"सरकवतो नं. गिऱ्हाईक हुबं होतं तुहं, गेलं निंघून. तू बसते तरी कवा?"

हे तो हळू बोलला असता तरी चाललं असतं. पण ओमप्रकाशचा आवाज कांदे विकून विकून तयार झालेला, अख्ख्या ओळीनं ऐकलं. समोरची मिरचीवाली भागीरथा खाली मान घालून उगाच मिरच्या निवडायला लागली.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा किशोर पावत्या फाडत आला आणि त्यानं नवीनच खबर आणली. बाजारात आता सिमेंट टाकलंय तर जागाही आखून देणार. पांढरे पट्टे, नंबर आणि नाव.

"आजपासून तिसऱ्या मंगळवारी येऊ आमी रंग घेऊन. ज्या घडीले येऊ, त्या घडीले जो बसला असन त्याचं नाव. मंग मांगून कटकट करू नका, की मी चहा प्याले गेलो होतो."

"हे बेस केलं," ओमप्रकाश म्हणाला आणि त्याची नजर शकुनच्या रिकाम्या बाटलीवर जाऊन परत आली.

श्रावणात पूर आला तेव्हा नाल्याचं पाणी गावच्या विहिरीत शिरलं होतं. दोन दिवसांत घरोघरी हगवण. बाकीचे चार-चार दिवसांत उठले, पण शकुनला अकोल्याला न्यावं लागलं. डोळे खोल गेलेले, हातापायांत गोळे, नखं निळी. सहा दिवस सलाईनच्या बाटल्या लागत होत्या आणि सहा दिवस मनकर्णाबाई तिच्या उशाशी बसून होती. नवरा देवीदास डबा घेऊन जायचा आणि दाराशी उभा राहून नुसता बघायचा. त्याला बोलता येत नाही असं नाही, पण शब्द तोंडात यायला त्याला जरा वेळ लागतो, तोवर लोकांचं बोलून झालेलं असतं.

शकुन वाचली. घरी आली ती वाळल्या शेंगेसारखी हलकी होऊन. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण चार महिने झाले तरी पोट काही आपल्या ठिकाणी आलं नाही. खाल्लं की गुडगुड, पोटात कळ आणि मग धाव. कधी दिवसातून तीनदा, कधी सातदा. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. कुड्याची साल उगाळून झाली. डाळिंबाचं सालपट झालं. कोणीतरी सांगितलं म्हणून देवीदासनं गुपचूप दंडात बांधायला दोराही आणला होता.

सगळ्यात मोठा इलाज मनकर्णाबाईचा होता. तिनं चांदूर रेल्वेला आपल्या भावाला, भगवंतरावाला, निरोप धाडला की सुनेच्या अंगात रक्त उरलं नाही, दुभतं जनावर पाठव. भगवंतरावानं चैत्रात व्यालेली तांबडी गाय टेम्पोत घालून पाठवली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पितळी गिलास भरून धारोष्ण दूध. मनकर्णाबाई भिंतीला धरत धरत गिलास घेऊन यायची आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची.

"पे. थेंब ठेवू नोको."

"आत्याबाई, पोट भरलं माहं."

"दुधानं कोनाचं पोट भरत असते का? पानी हाये थे. अमृत हाये. पे माय."

चहात दूध, भातात दूध. आणि बाजाराच्या दिवशी तर शकुन दुसरं काही खायचीच नाही. भाकर खाल्ली तर धाव लागेल या भीतीनं ती उपाशी निघायची, फक्त सासूच्या शब्दाखातर सकाळचा गिलास प्यायची. दूध हलकं असतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी बाजाराचाच दिवस सगळ्यात वाईट जायचा. शकुनला वाटायचं, आपल्याला बाजाराची धडकीच भरलीय.

त्या संध्याकाळी तिनं किशोरची खबर घरात सांगितली. मनकर्णाबाई गुडघ्याला तेल चोळत होती, ती थांबली.

"मी बसतो तिसऱ्या मंगळवारी," देवीदास म्हणाला.

"तू?" त्याची आई म्हणाली. "मांगं एकडाव बसला होता तं वांग्यासंगं सांबाराची जुडी फुकट अन् जुडीसंगं मिरच्या फुकट. गिऱ्हाईक तुले अजून दुवा देऊन रायले."

देवीदास हसला. शकुनला मात्र हसू आलं नाही. ही जागा गेली तर बाजाराच्या शेवटाला, बोंबिलवाल्याच्याही पलीकडे बसावं लागेल आणि तिथवर संध्याकाळी उरलेला माल उचलणारेच येतात. दीड एकराचा मळा त्या तिसऱ्या जागेवर चालत होता. पण खरं सांगायचं तर तिला मळ्याहून दुसरीच भीती होती. बत्तीस वर्षं सासूनं जपलेली जागा आपल्या पोटापायी जाणार, या विचारानंच तिच्या पोटात कळ यायची.

गुरुवारी तांबडी आटली. दोन दिवस ती लाथा झाडत होतीच, तिसऱ्या दिवशी सडातून चार धारा निघाल्या आणि मग काही नाही. मनकर्णाबाईनं गायीच्या पाठीवर हात फिरवला, तिला सरकीची ढेप जास्तीची घातली, दोन शिव्या घातल्या. गायीनं ढेप खाल्ली आणि शिव्यांकडे लक्ष दिलं नाही.

पुढचे दिवस घरात बिनदुधाचा चहा झाला. शकुन वांगी तोडत होती, मेथी उपटून जुड्या बांधत होती, वाफ्यात पाणी फिरवत होती. शनिवारी तिच्या ध्यानात आलं की आज आपण एकदाच गेलो. रविवारी पोट गुडगुडलं नाही. सोमवारी तिनं भीत भीत भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि काहीसुद्धा झालं नाही. तिनं हे कोणाला सांगितलं नाही. बोलून दाखवलं की दृष्ट लागते, अशी तिची समजूत होती. मंगळवारी ती बाजारात सकाळी बसली ती ऊन कलेपर्यंत उठली नाही. ओमप्रकाशनं दोनदा तिच्याकडे वळून पाहिलं.

घरी येऊन तिनं रिकाम्या टोपल्या आपटल्या, त्या आवाजावरूनच मनकर्णाबाईनं ओळखलं.

"आज उठली नाई वाटते?"

"एकडावबी नाई, आत्याबाई."

म्हातारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग लगेच कामाला लागली. देवीदासला डेअरीवर पिटाळून लिटरभर दूध आणवलं आणि रात्रीच्या जेवणाला शेवयांची खीर केली. सून आता कुठं मार्गी लागली आहे, आता हयगय करायची नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून पितळी गिलास पुन्हा सुरू झाला, विकतच्या दुधाचा.

शुक्रवारी पोटानं पुन्हा डोकं वर काढलं. पुढच्या मंगळवारी सकाळी शकुन गिलास पिऊन मिनीडोरमध्ये बसली. सात बाया, त्यांच्या टोपल्या, दोन कोंबड्या आणि पुढं चालवणारा जीवन. गाडी कालव्याच्या पुलावरून उतरली आणि शकुनच्या पोटात पीळ पडला.

"जीवनभाऊ, गाडी थांबव."

"आत्ताच तं निंघालो वैनी. फाट्यावर थांबवतो."

"थांबव म्हनतो नं!"

गाडी थांबली. ती टोपल्यांवरून पाय टाकत उतरली. पलीकडे तुरीचं शेत होतं, तूर चांगली डोक्याएवढी झालेली. पण ती तुरीपर्यंत पोचलीच नाही.

नंतर ती कालव्यात उतरली. मार्गशीर्षातलं पाणी, हाडापर्यंत गार. तिनं लुगड्याचा खालचा अर्धा भाग धुतला, पिळला, पुन्हा धुतला. वर गाडी उभी होती, जीवननं एकदा हॉर्न वाजवला आणि बाया त्याच्यावर ओरडल्या. शकुनला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता. ती ओल्या लुगड्यानं वर आली तेव्हा आधी एकमेकींना खेटून बसलेल्या बायांनी तिच्यासाठी चांगली दोन माणसांची जागा केली. ती मोकळी जागाच तिला सगळ्यात जास्त लागली.

"दिवस गेले का काय व तुले?" एकजण म्हणाली. तिचा हेतू चांगलाच होता.

"हाव, या वयात," शकुन म्हणाली आणि सगळ्या हसल्या तशी तीही हसली.

तिनं टोपल्या गाडीतल्याच भागीरथाच्या हवाली केल्या, खाली उतरली आणि त्याच पुलावरून पायी घरी आली. संध्याकाळी भागीरथा विकून उरलेली मेथी परत द्यायला आली. उंबऱ्यात बसून पाणी प्याली आणि म्हणाली, "तुह्या जागेवर त्यानं पार कांदे मांडले होते व. म्या म्हटलं, बाईची जागा हाये. तं म्हने बाई कुटी हाये?"

बुधवारी सकाळी शकुन मेथीच्या वाफ्यात उकिडवी बसून विचार करत होती. नववी शिकलेली बाई, वहीत लिहून ठेवायची सवय नाही, पण मळ्याचा दिवसन् दिवस तिला पाठ. दुसरा वाफा काढला तेव्हा पोट बरं होतं. टमाट्याला काठ्या लावल्या त्या दिवशी तर झकास होतं. बिघडलं ते फवारणीच्या दिवसापासून. मधे काय झालं? गाय आटली. मग डेअरी. तिचे हात थांबले. तिनं पुन्हा एकदा सगळे दिवस मोजले आणि ते पुन्हा तिथंच येऊन थांबले. आधी तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ असं वाटलं की हे आपल्याला कळलंच नसतं तर बरं झालं असतं. घरी जाऊन हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

तिनं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मनकर्णाबाईनं गिलास दिला आणि कोणीतरी दारात हाक मारली म्हणून ती तिकडे वळली. शकुन गोठ्यात गेली आणि तिनं दूध गायीच्या ढेपीच्या घमेल्यात ओतलं. मागं वळली तर सासू भिंतीला धरून उभी.



"माह्या हातचं जड झालं का तुले?" मनकर्णाबाई म्हणाली.

"तसं नाई, आत्याबाई. मले असं वाटून रायलं की दुधानंच..."

"दुधानं? अव, दुधानं कोनी मेलं का आजवर? तान्हं लेकरू पेते दूध!" तिचा आवाज चिरकला. "म्या माह्या भावापाशी पदर पसरला तुह्यासाठी. अन् तू ढेपीत ओतून रायली?"

दोन दिवस म्हातारी सुनेशी बोलली नाही. बोलायची ती देवीदासकडे तोंड करून. "तुह्या बायकोले सांग, भाजी खारट झाली." भाजी खारट नव्हती. देवीदासला दोघींच्या मधे बसून जेवणं कठीण झालं आणि शुक्रवारी त्याच्या तोंडात एकदाचे शब्द आले.

"आपुन बार्शीटाकळीले जाऊ. तथच्या डॉक्टरीनबाईले इचारू. थ्या म्हनतीन तसं."

"मीबी येतो," मनकर्णाबाई म्हणाली. "सांगतोच तिले, हे काय नखरे करते तं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्यापुढं रांग मोठी होती, तरी त्यांनी सगळं नीट विचारलं. कधीपासून, किती वेळा, रक्त पडतं का, ताप येतो का, वजन किती घटलं. पोट दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "खाता काय दिवसभर?"

शकुननं तोंड उघडायच्या आत मनकर्णाबाईनं ताबा घेतला. सकाळी गिलासभर, संध्याकाळी गिलासभर, चहात वेगळं, भातावर वेगळं. चांदूरहून गाय कशी आली, तेही सांगितलं. "अन् आता हे गायीपुढं ओतते, बाई. तुमीच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

"आजी, ऐका. तो आजार झाला ना, त्यात हिच्या आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघालं. दूध पचवायचं काम त्या अस्तराचंच. ते अजून पुरतं आलेलं नाही. मग दूध पोटात गेलं की आंबतं आणि बाहेर पडतं. दोन-तीन महिने दूध बंद, चहासुद्धा बिनदुधाचा. मग थोडं ताक, थोडं दही देऊन बघू. आणि उपाशी राहून बाजार करायचा नाही. थोडं थोडं खायचं."

"मंग बरं होईन नं?" देवीदासनं विचारलं.

"होईल. पण बटण दाबल्यासारखं नाही. वर्षभर मधूनमधून कुरकुर करेल. नुसती भीती वाटली तरी पोट बिघडेल. तेव्हा घाबरायचं नाही, जाऊन यायचं." त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. त्यांत नंतर काही वाईट निघालं नाही.

परत येताना मनकर्णाबाई मिनीडोरमध्ये एका कोपऱ्यात बसली होती. पदर तोंडाला लावून बाहेर बघत होती. अर्धा रस्ता गेल्यावर बोलली, पहिल्यांदाच थेट सुनेशी.

"चार महिने म्या तुले जहर पाजलं व."

शकुन तिच्याजवळ सरकली. "असं नोका बोलू आत्याबाई. अकोल्यात मी शुद्धीवर आली तवा तुमचा हात होता माह्या कपायावर. थोच पाह्यला म्या पयल्यांदा. माही माय असती तं तिनंबी दूधच पाजलं असतं."

"सांगाचं होतं नं मंग मले!"

"सांगाले गेली तं दोन दिवस बोलल्या नाई तुमी."

म्हातारीनं पदराआडून नाक पुसलं. "भाजी खारट होती," ती म्हणाली, आणि देवीदास मान फिरवून हसला.

तिसऱ्या मंगळवारी मनकर्णाबाई पहाटेच तयार होऊन बसली. बसली तर तिला उठता येत नाही म्हणून दोन वर्षं तिनं बाजार पाहिला नव्हता. सून दवाखान्यातून येऊन अंथरुणाला होती तेव्हा चार मंगळवार बसली होती तेवढीच, आणि तेव्हा प्रत्येक वेळी तिघांनी मिळून उचलली होती. पण आज ती ऐकणार नव्हती. शकुननं मुगाची मऊ खिचडी खाल्ली, थोडी डब्यात घेतली, आणि जीवननं व दोन बायांनी मिळून म्हातारीला गाडीत चढवलं.

फाट्यावर पोचल्या तर जागेवर कांदे.

"काय रे ओमप्रकाश," मनकर्णाबाई म्हणाली. "तुहा बाप अथी पयल्यांदा आला तवा त्याच्यापाशी ताडपत्री नोती. माह्या अर्ध्या ताडपत्रीवर बसला होता पावसात. सांगितलं नाई का त्यानं तुले?"

ओमप्रकाशनं कांदे उचलले. दोघी बसल्या. किशोर दहाला येणार होता. दहा वाजले, अकरा वाजले. मेथी निम्मी खपली. शकुन डब्यातली खिचडी दोन-दोन घास खात होती आणि पोट शांत होतं. बारा वाजता किशोर दिसला. बरोबर रंगाचा डबा घेतलेला माणूस आणि दोरी धरणारा एक. पहिल्या जागेचे पट्टे पडायला लागले, आणि त्याच क्षणी शकुनच्या पोटात कळ आली.

तिनं दात आवळले. नुसती भीती आहे, ती स्वतःला सांगत होती, बाई म्हणाल्या होत्या. पण भीतीची असली तरी कळ ती कळच. कपाळावर घाम आला.

"आत्याबाई..."

"जाय."

"पन नाव..."

"जाय म्हनतो नं. घाबराचं नाई, जाऊन याचं. बाईनं सांगितलं का नाई?"

ती गेली. शाळेच्या भिंतीमागं फार वेळ लागला नाही, त्रास थोडाच होता. हात धुऊन ती निघाली तर भिंतीच्या अलीकडेच तिला सासूचा आवाज ऐकू आला. बत्तीस वर्षं वांगी विकलेला आवाज, पार रस्त्यापर्यंत पोचणारा.

"उठली म्हंजे उठली! आता अथी कोनी बसलं नाई. मंग नाव कोनाचं टाकतं?"

शकुन भिंतीच्या टोकाशी आली. त्यांच्या जागेवर वांगी होती, मेथी होती, काटा होता आणि माणूस कोणीच नव्हता. मनकर्णाबाई ओळीच्या बाहेर उभी होती, एक हात ओमप्रकाशच्या खांद्यावर रोवून. तिचे दोन्ही गुडघे थरथरत होते. पलीकडून भागीरथानं तिची कंबर धरली होती.

"आजी," किशोर काकुळतीला आला होता, "तुमी बसल्या होत्या, तुमचंच नाव टाकतो म्हटलं. उठल्या कायले?"

"मले नाव घेऊन मसनात जाचं हाये का? अकरा वर्सं माही सून बसते अथी. येऊन रायली थे. थांब जरा."

"कुटी गेली पन?"

"संडासले गेली!" मनकर्णाबाई गरजली. "पोटाचा तरास हाये तिले. गॅस्ट्रो झाला होता, मरता मरता वाचली. चोरी करून रायली का थे? तुही माय जात नाई का रे? मानसाले लागते का नाई लागत?"

अख्खा बाजार हसला. चार महिने शकुननं पदराखाली लपवलेली गोष्ट आता बोंबिलवाल्यापर्यंत पोचली होती. तिचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं. तिथूनच मागं वळावं आणि कालव्याच्या वाटेनं घर गाठावं, असंही वाटलं. पण किशोरच्या माणसाच्या ब्रशवरून रंग ठिबकत होता, म्हातारी कशीबशी उभी होती, आणि ओमप्रकाशनं मोकळ्या जागेवर कांदाही सरकवला नव्हता. तो नुसता खांदा देऊन उभा होता.

"आली, आली!" भागीरथानं तिला पाहिलं. "ये व शकुन, लवकर ये! रंग वाळून रायला!"

मग शकुन धावली. लोक बघत होते आणि ती भर बाजारातून, हातात बाटली घेऊन, चक्क धावत आली आणि मेथीमागं जाऊन बसली.

"नाव?" किशोरनं विचारलं.

तिला दम लागला होता. "शकुन," ती म्हणाली आणि मग सगळं म्हणाली, "शकुन देवीदास निमकर्डे."

रंगवाल्यानं चारी बाजूंनी पट्टे ओढले, तीनचा आकडा काढला आणि खाली नाव लिहिलं. नावाचं शेवटचं अक्षर पट्ट्यावर चढलं, पण वाचता येत होतं.

"किशोरभाऊ," भागीरथा म्हणाली, "एवढे नंबर आखून रायले तं एक चौकोन बायांच्या संडासचाबी आखा की. हे एकटीच नाई जात बाभईत. आमीबी जातो, पानी न पेता बसतो दिवसभर."

"थे ग्रामसभेत सांगा लागते मावशी."

"सांगू नं. शकुन सांगन. तिचं तं आता सगळ्याइले मालूम हाये."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी शकुनही हसली, अगदी मनापासून.

"सांगीन," ती म्हणाली. "तारीख सांगा फक्त."

 किशोर लगबगीनं चौथ्या जागेकडे वळला. ओमप्रकाशचा खांदा अजून अडकलेलाच होता.

"आजी, मले बसू द्या आता," तो म्हणाला. "नाई तं माहंबी नाव जाईन."

"अव, मले बसवा कोनी!" मनकर्णाबाई ओरडली. "गुडघे गेले माहे!"

शकुननं वांग्याचं टोपलं बाहेर सरकवलं, मेथी अंगाशी ओढली आणि ओल्या पट्ट्याला धक्का लागू न देता आपल्या शेजारी हातभर जागा केली. तिघांनी मिळून म्हातारीला त्या चौकोनात उतरवलं. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. समोर एक बाई पिशवी हलवत उभी होती.

"मेथी कशी देल्ली?" तिनं विचारलं, आणि दोघींनी एकदमच भाव सांगितला.